पेन्सिलीने लिहिलेलं नाव

गल्लीत कुणाच्याही घरी कसलाही फॉर्म आला, की तो आधी हेडक्लार्कांच्या खिडकीशी येई. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती. हुद्दा मात्र अजून नोकरीवरच होता. खिडकीखालच्या टेबलावर काळ्या शाईचं पेन, टीपकागद, पट्टी आणि खोडरबर असा सरंजाम मांडलेला असे. अक्षर छापल्यासारखं होतं आणि त्याचा त्यांना थोडाथोडका नव्हे, चांगलाच अभिमान होता.

त्यांची एक ठरलेली पद्धत होती. ज्याचा फॉर्म त्याने तो घरूनच पेन्सिलीने भरून आणायचा. सही तेवढी शाईने करायची, कारण सही काही दुसऱ्याला करता येत नाही. मग हेडक्लार्क निवांतपणे पेन्सिलीवरून शाई फिरवत, ती वाळू देत आणि खालची पेन्सिल खोडून टाकत. पैसे घेत नसत. उलट चहा पाजत. अशा माणसावर गल्ली डोळे मिटून विश्वास ठेवते, यात नवल ते काय?

त्या सकाळी टाइपबाई आल्या. एका कंपनीत अडतीस वर्षं टंकलेखन करून निवृत्त झालेल्या, गल्लीच्या टोकाला एका म्हाताऱ्या, एकाक्ष कुत्र्यासोबत राहणाऱ्या. त्यांच्या निवृत्तीच्या फंडाचा वारसदार कोण, ते भरून द्यायचं होतं. हेडक्लार्कांनी चष्मा चढवला आणि कागद वाचता वाचता त्यांच्या भुवया वर गेल्या.

"बाई, हे काय लिहिलंय?"

"का? चुकलं का काही?"

"चुकलं नाही हो. पण गोदामामागचा प्राण्यांचा दवाखाना? आयुष्यभराची कमाई कुत्र्यामांजरांना?"

"सगळी कुठे? घर भाच्यालाच ठेवलंय. हे फंडाचं तेवढं."

"आणि भाचा काय म्हणेल?"

"तो काय म्हणणार! वर्षातून एकदा येतो आणि दारातूनच ओरडतो, मावशी, आधी कुत्रं बांध!"

दोघंही हसले. पण हेडक्लार्कांचं हसू लवकर आवरलं. "माझं ऐका बाई. शेवटी रक्ताचं माणूस ते रक्ताचं माणूस. दवाखान्याला हयातीत द्या काय शे-पन्नास द्यायचे ते. इथे मी भाच्याचं नाव घालतो. मागाहून कुणी नावं ठेवायला नकोत."

टाइपबाईंचा जन्म दुसऱ्यांनी सांगितलेला मजकूर टाइप करण्यात गेलेला. मजकूर कुणी बदलला तर का म्हणून विचारायची सवयच नव्हती. "तुम्ही म्हणताय तर तसं," त्या म्हणाल्या आणि फॉर्म ठेवून गेल्या. खाली त्यांची शाईतली सही होती.

हेडक्लार्कांनी खोडरबर उचललं. ते कागदावर टेकवलं आणि तसेच बसून राहिले. आजवर असं कधी झालं नव्हतं. याच टेबलावर, असाच एक फॉर्म, असंच पेन्सिलीने लिहिलेलं नाव आणि तळाशी बहिणीची सही... त्यांनी खोडरबर खाली ठेवलं.

"अहो, अकराला वकिलांकडे पोचायचंय ना?" आतून बायकोचा आवाज आला. "निघा आता. ताईच्या कामाला उशीर नको."

ताई म्हणजे हेडक्लार्कांची धाकटी बहीण. बायको नणंद म्हणून ताई म्हणे, मुलगा आत्या म्हणे आणि गल्ली नर्सबाई. चौतीस वर्षं तिने मोठ्या इस्पितळात नोकरी केली. लग्न केलं नाही. याच घराच्या मागच्या खोलीत राहिली. पगार झाला, की निम्मा वहिनीच्या हातात. घराचं छप्पर तिच्या पैशांतून झालं, मुलाचं चष्मे करण्याचं शिक्षणही तिच्याच पैशांतून. हेडक्लार्कांच्या नाकावरचा चष्माही तिनेच करून दिलेला. तुला स्वतःला काय हवं, असं तिला कुणी विचारल्याचं या घराला आठवत नाही. एकटीच तर होती, तिला काय लागणार, हा हिशेब सगळ्यांच्या डोक्यात इतका पक्का बसला होता की तो कुणी कधी बोलूनही दाखवला नाही.

दोन महिन्यांपूर्वी ज्या वॉर्डात तिने नोकरी केली त्याच वॉर्डात नऊ दिवस आजारी पडून ती गेली. मागच्या आठवड्यात तिच्या फंडाची रक्कम वारसदाराच्या, म्हणजे हेडक्लार्कांच्या, खात्यात जमा झाली. मुलगा दुसऱ्याच्या दुकानात चष्मे करत होता. त्याने स्वतःसाठी एक गाळा पाहून ठेवला होता. शनिवारी विसार द्यायचा होता. सगळं कसं जुळून आलं होतं.

वकीलबाईंचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. जिना चढून नवरा-बायको आत आले तर तिथे आधीच एक बाई बसलेली. सावळी, जाड भिंगांचा चष्मा लावलेली, मांडीवर कापडी पिशवी.

"इस्पितळासमोर रोग्यांच्या नातेवाइकांसाठी निवारा आहे ना, या त्याच्या व्यवस्थापिका," वकीलबाई म्हणाल्या. "मृत्युपत्रात यांच्यासाठीही काही आहे, म्हणून बोलावलं."

निवारा हा शब्द कानावर पडला आणि हेडक्लार्कांनी बायकोकडे पाहायचं टाळलं.

मृत्युपत्र जेमतेम एका पानाचं होतं. शिवणयंत्र वहिनीला. मनगटी घड्याळ भाच्याला. खोलीतली पत्र्याची पेटी, आतल्या चोवीस टॉवेलांसकट, प्रत्येकाला टांगण्यासाठी बंद शिवलेला, निवाऱ्याला. टॉवेल ऐकून बायकोने पदर तोंडाशी नेला. गेली सहा वर्षं ताई संध्याकाळी टॉवेलांच्या कडा शिवत बसायची आणि घर तिची थट्टा करायचं. मुलगा म्हणायचा, "आत्या, हॉटेल काढतेस की काय?" ती हसायची आणि दोरा दाताने तोडायची.

वकीलबाईंनी पान उलटलं. "शेवटी एक ओळ आहे. त्यांच्याच शब्दांत वाचते. 'माझ्या फंडाचे पैसे मी निवाऱ्याला दिले आहेत, बायकांच्या दोन न्हाणीघरांसाठी. ते फॉर्ममध्येच लिहिलं आहे म्हणून इथे पुन्हा लिहीत नाही. फॉर्म दादाने भरला आहे, त्यामुळे काळजी नाही.'"

खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा आवाज तेवढा येत राहिला.

सहा वर्षांपूर्वी काय घडलं ते हेडक्लार्कांना लख्ख आठवत होतं. बहिणीने फॉर्म टेबलावर ठेवला आणि ड्यूटीवर गेली. त्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'निवारा, मोठ्या इस्पितळासमोर'. ते चिडले. घरात भाचा शिकतोय आणि ही परक्यांना वाटत सुटलीय! त्यांनी आधी खोडलं आणि मग शाईने स्वतःचं नाव घातलं. संध्याकाळी सांगू, समजावू, असं ठरवलं. संध्याकाळी ती दमून आली, म्हणून राहिलं. मग आठवडा गेला. एकदा तिने विचारलं, "दादा, भरलास का रे माझा फॉर्म?" ते म्हणाले, "भरला." तसं पाहिलं तर खोटं काही नव्हतं. त्याच महिन्यात तिने त्यांना नवा चष्मा करून दिला. लोकांचे फॉर्म भरून भरून तुझे डोळे जातील म्हणाली.

"फंडाचं काय झालं, याची तुम्हाला कल्पना असेल," वकीलबाई म्हणाल्या.

हेडक्लार्कांनी नाकावरचा चष्मा नीट केला. "चौकशी करतो," ते म्हणाले.

जिना उतरताना व्यवस्थापिकांनी त्यांना गाठलं. "दादा म्हणू ना? त्या नेहमी दादा दादा करायच्या, म्हणून तोंडात बसलंय. एक विनंती होती. ताईंनी शब्द दिला होता, म्हणून आम्ही जमिनीखालचे पाइप टाकून घेतले. प्लंबर पुढचं काम धरून बसलाय. बायका अजून मागच्या अंगणात पत्र्याच्या आडोशाला न्हातात हो. फंडाच्या ऑफिसला एक अर्ज करायचाय, पैसे लवकर सोडा म्हणून. कच्चा लिहून आणलाय." त्यांनी पिशवीतून कागद काढला. "ताई म्हणायच्या, आधी पेन्सिलीने लिहावं, मग दादा पक्कं करून देतो."

हेडक्लार्कांनी कागद घेतला. दुसरं करण्यासारखं काही त्यांना सुचलं नाही.

इथे त्यांना चोर म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण वाचणाऱ्याने तसं म्हणण्याआधी जरा आपल्या घरात डोकावून यावं. एकटी राहिलेली आत्या, मूल नसलेला काका, विधवा मावशी, यांच्या पैशांवर आपण मनातल्या मनात केव्हाच नाव घालून ठेवलेलं असतं. त्यांनी ते दुसऱ्या कुणाला द्यायचे म्हटलं, की आपण त्याला भोळेपणा म्हणतो, म्हातारचळ म्हणतो, कुणीतरी कान भरले म्हणतो. दान त्यांनी करावं, पण आपल्याला विचारून आणि आपलं भागल्यावर. हेडक्लार्कांच्या हातात पेन होतं, एवढाच काय तो फरक.

घरी येऊन ते टेबलाशी बसले. अर्ज समोर ठेवला. त्यांच्याच खात्यात पडलेले पैसे मिळावेत म्हणून त्यांनीच सुवाच्य अक्षरात लिहायचं होतं. 'महोदय' या शब्दावर शाई फिरवली आणि पुढे हात चालेना.

बायको चहा घेऊन आली. कप ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

"पेन्सिलीने काय लिहिलं होतं, ते मला माहीत होतं," ती म्हणाली.

हेडक्लार्कांनी वर पाहिलं.

"तेव्हाही असाच चहा ठेवायला आले होते. फॉर्म उघडाच होता. वाचला मी. दुसऱ्या दिवशी शाईने तुमचं नाव दिसलं. तेही वाचलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बरं झालं असं वाटलं म्हणून." तिने खुर्ची ओढली आणि बसली. "लाज वाटते सांगायला. पोराची फी होती, मनात म्हटलं, पैसा आपल्याच घरात राहील. तेव्हाच बोलले असते तर ताई तुमच्याशी भांडली असती, रडली असती, पण तिचं तिने केलं असतं. मला काय वाटलं, चहा ठेवायचं माझं काम, फॉर्मचं तुमचं."

"ती तरी काय, न्हाणीघरं न्हाणीघरं घेऊन बसली होती," हेडक्लार्क म्हणाले. शब्द निघाले आणि त्यांचे त्यांनाच ओंगळ वाटले.

"न्हाणीघरं म्हणजे काय ते तुम्हाला नाही कळायचं. पोराच्या पायाचं ऑपरेशन झालं, तेव्हा अकरा दिवस मी त्या इस्पितळाच्या बाकावर काढले. तुम्ही रोज संध्याकाळी डबा घेऊन यायचात आणि घरी येऊन अंघोळ करून झोपायचात. चौथ्या दिवशी माझ्या अंगाला वास यायला लागला. डॉक्टर आले की मी लांब भिंतीला जाऊन उभी राहायची. पोराचं काय चाललंय ते विचारायचं सोडून! ताईने पाहिलं. पाळी बदलताना नर्सच्या खोलीची किल्ली घेऊन आली, म्हणाली, वहिनी, दहा मिनिटं आहेत, पाणी गरम आहे. त्यासाठी तिला मेमो मिळाला. तुम्हाला सांगितलं नव्हतं तिने. मलाही सांगू दिलं नाही."

हेडक्लार्कांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तो पुन्हा लावणं त्यांच्या जिवावर आलं. बहीण मागच्या खोलीत वर्षानुवर्षं टॉवेल शिवत होती आणि ते तिला विचारत होते, डोळे कशाला फोडतेस?

दुपारी मुलगा जेवायला आला तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. मुलाचा घास हातातच राहिला.

"मग आता?"

"पैसे निवाऱ्याला जातील."

"बाबा, शनिवारी विसार द्यायचाय! मी शब्द दिलाय माणसाला."

"आत्यानेही दिला होता."

"कायद्याने पैसे तुमचे आहेत. फॉर्मवर तुमचं नाव आहे."

"नाव मी घातलंय," हेडक्लार्क म्हणाले. "तेच तर सांगतोय."

"चूक तुमची आणि भोगायचं मी?" मुलगा ताटावरून उठला. त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. पुढे महिनाभर तो बापाशी बोलला नाही, आणि हेडक्लार्कांनी त्याला त्याबद्दल एका शब्दाने दोष दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा-बायको पत्र्याची पेटी दोन बाजूंनी धरून निवाऱ्यात पोचले. इस्पितळासमोरचं बैठं घर. लांब खोलीत आठ खाटा, प्रत्येक खाटेखाली कुणाची तरी पिशवी. मागच्या अंगणात गंजलेल्या पत्र्याचा आडोसा. त्यामागे कुणीतरी बाई घाईघाईने अंगावर पाणी ओतत होती आणि दुसरी बाहेर चादर धरून उभी होती. बाजूच्या मातीतून चार पाइप वर आलेले, तोंडाला चिंध्या कोंबलेल्या. हेडक्लार्कांना तिथून नजर उचलवेना.

व्यवस्थापिकांच्या टेबलावर त्यांनी चेक ठेवला. सगळी रक्कम, आलेल्या व्याजासकट.

"एवढ्यात आले?" त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी चेकवरचं नाव वाचलं आणि जाड भिंगांआडचे डोळे बारीक झाले. "हा तुमच्या खात्यावरचा आहे, दादा."

"पावती बहिणीच्या नावाने फाडा."

"तसं येत नाही करता. ज्याच्या खात्यातून पैसे, त्याच्या नावाची पावती. बाहेरच्या पाटीवरही तेच नाव लागेल. कागदोपत्री देणगीदार तुम्ही."

देणगीदार! त्यांच्या आयुष्यात त्यांना कुणी इतकी मोठी शिवी दिली नव्हती.

"नको," ते म्हणाले. "माझं नाव कुठेही नको."

"मग हे पैसे ताईंचे कसे, ते लिहून द्यावं लागेल. आमच्या हिशेबतपासनिसांना दाखवायला काहीतरी हवं."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला आणि पेन्सिल दिली. सवयच ती. हेडक्लार्कांनी पेन्सिल बाजूला ठेवली, खिशातून शाईचं पेन काढलं. 'मी, खाली सही करणार, याद्वारे लिहून देतो की' इथवर आले आणि थांबले. चाळीस वर्षं याच वाक्याच्या आडोशाला ते सुखाने बसले होते. त्यांनी ती अख्खी ओळ खोडली. आपल्या हातचा कागद त्यांनी असा कधी खराब केला नव्हता. खाली त्यांनी लिहिलं:

'हे पैसे माझ्या बहिणीचे आहेत. तिने फॉर्मवर निवाऱ्याचं नाव लिहिलं होतं. मी ते पुसलं आणि माझं घातलं. तिला सांगितलं नाही. तिने विचारलं तेव्हा भरला म्हणालो. ती माझ्यावर विसंबून गेली.'

सही केली आणि कागद वळवून ठेवला. व्यवस्थापिकांनी तो वाचला. पुन्हा एकदा वाचला. हेडक्लार्क मान खाली घालून उभे होते. त्या चिडल्या असत्या, ओरडल्या असत्या, तर त्यांना बरं वाटलं असतं.

"अक्षर खरंच सुंदर आहे हो तुमचं," त्या हळूच म्हणाल्या. "ताई नेहमी सांगायच्या."

त्यांनी पेटी उघडली. टॉवेल नीट घड्या घालून रचलेले होते. वरचा एक काढून त्या मागच्या अंगणात गेल्या आणि आडोशापाशी चादर धरून उभ्या असलेल्या बाईच्या हातात देऊन आल्या.

परतताना हेडक्लार्क मनात एकेक आठवत होते. वखारीतले मुनीम, त्यांना रात्रशाळेला द्यायचं होतं. 'पुतण्या आहे ना?' सरकारी दवाखान्यातली सुईण, तिला अनाथाश्रमाला. 'विचार करा बाई.' विचार त्यांनीच केला होता, सगळ्यांचा. त्या दोघांपैकी आता कुणीच हयात नव्हतं. त्यांच्या नावांचं आता काही करता येणार नव्हतं, आणि ही टोचणी घेऊनच आपल्याला जगायचं आहे, हे हेडक्लार्कांना त्या रस्त्यावर नीट कळलं.

घरी आल्या आल्या ते टेबलावरचा फॉर्म आणि पेन घेऊन गल्लीच्या टोकाला गेले. कुत्र्याने एका डोळ्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा झोपी गेलं.

"अगंबाई, तुम्ही कशाला आलात? मीच आले असते," टाइपबाई गडबडल्या. "झाला का भरून?"

"नाही. माझ्या हातून नाही व्हायचा." त्यांनी फॉर्म पुढे ठेवला. पेन्सिलीची अक्षरं तशीच होती. पेनचं टोपण काढून त्यांनी ते बाईंच्या हातात दिलं. "तुम्हीच लिहा. शाईने."

"माझ्या हाताला कंप आहे हो. खाडाखोड झाली तर?"

"होऊ द्या. कोरे फॉर्म मिळतात."

"आणि नाव? भाच्याचंच ना?"

"ते मला विचारू नका, बाई," हेडक्लार्क म्हणाले. "मला कशाला विचारता?"

टाइपबाई खुर्चीवर ताठ बसल्या, यंत्रासमोर बसत असतील तशा, आणि लिहू लागल्या. अक्षरं मोठी येत होती, रेघ सोडून खाली उतरत होती. हेडक्लार्कांचा हात दोनदा सवयीने पुढे झाला. त्यांनी तो मागे घेतला, पाठीशी धरला आणि दवाखान्याचं नाव पुरं होईपर्यंत तिथेच उभे राहिले.